पानकोबी वीतभर होईपर्यंत

त्या रविवारी गोदाआत्याने पानकोबीची भाजी केली ती चुकून की मुद्दाम, हे खोलापूरकरांच्या घरात पुढे कित्येक वर्षं ठरलं नाही. भाजी बापूसाहेबांच्या ताटात पडली. कोर्टात हजर केलेल्या रक्ताळलेल्या कुऱ्हाडीकडे पाहावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पंगतीतला प्रत्येक हात आपापल्या घासापाशी थांबला.

"हे काय आहे?"

"भाजी," आत्या म्हणाली.

"कशाची?"

"बाजारात दुसरं काही नव्हतं."

"विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या," बापूसाहेब म्हणाले. उलटतपासणी सुरू झाली की ते पोटच्या मुलीलाही अहो-जाहो करत.

पंगतीच्या टोकाला बसलेल्या सिंधूने मात्र घास तोंडात घातला आणि शांतपणे चावला. भाजी चांगली झाली होती. आदल्याच दिवशी तिने आपल्या सख्ख्या आजोबांना, म्हणजे बापूसाहेबांना, शिक्षा ठोठावली होती, आणि शिक्षा ठोठावणाऱ्याने उपाशी राहू नये असं तिचं मत होतं.

सिंधू चौदा वर्षांची, मोर्णाकाठच्या सार्वजनिक हायस्कुलात नववीला. तिचे वडील, नाना, तिथले हेडमास्तर. जबलपूरला मास्तरकीचं बी. टी. करायला गेले ते परत येताना छडी तिकडेच विसरून आले, असं त्यांच्याबद्दल गावात म्हणत. त्यांच्या शाळेत घोकंपट्टी नव्हती, पहिला-दुसरा नंबर नव्हता. होते ते वाफे, प्रत्येक वर्गाचा एक. आणि दर शनिवारी भरणारं मुलांचं न्यायमंडळ, ज्याचा न्यायाधीश दर सहामाहीला मुलंच निवडत. या सहामाहीला त्यांनी सिंधूला निवडलं होतं. अकोल्यातले निम्मे लोक म्हणत, ही शाळा नव्हे, मळा आहे. उरलेले निम्मे म्हणत, मळा कसला, कोर्ट आहे. शाळा आहे असं म्हणणारे नाना एकटे.

नाना एकटे असूनही शाळा चालली होती ती बापूसाहेबांमुळे. ते जिल्ह्यातले नामांकित वकील आणि शाळा मंडळाचे अध्यक्ष. न्यायमंडळासाठी दोन ओळींचे नियम लिहून द्या, असं नाना त्यांना म्हणाले होते. खोलापूरकर वकिलांनी जन्मात दोन ओळींत काही लिहिलं नव्हतं. त्यांनी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी बसून असे नियम केले की त्यांतून मुंगी सुटू नये. आवारात पाऊल टाकणारा प्रत्येक जण न्यायमंडळाच्या कक्षेत, मग तो विद्यार्थी असो, गव्हर्नर असो की खुद्द अध्यक्ष असो. शिक्षा ज्याची त्याने भोगायची, बदली माणूस चालणार नाही. भोगून झाली की नाही, ते ज्याने दिली त्यानेच पाहायचं. आणि अपील नाही, कारण अपिलं चालतात तोवर पोरांना मिशा फुटतात.

मग त्या आठवड्यात बापूसाहेब आपल्या बैलांच्या दमणीतून शाळेची पाहणी करायला गेले. बैल सोडून गडी पाणी प्यायला गेला. बैलांची नावं वादी आणि प्रतिवादी. त्या दोघांचं आयुष्यभर एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. त्या दिवशी नववीच्या पानकोबीवर झालं.

शनिवारी न्यायमंडळाने बोलावलं तेव्हा बापूसाहेब हसत हसत गेले. पोरांचा खेळ, त्यांना वाटलं. त्यांनी स्वतःची बाजू अशी काही मांडली की दोन मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सिंधूने निकाल दिला: आरोपीने वाफा स्वतःच्या हाताने पुन्हा लावावा, आणि रोपं पूर्वीसारखी वीतभर होईपर्यंत रोज सकाळी येऊन त्यांना पाणी घालावं.

जाताना नेलेलं हसू बापूसाहेबांना परत आणता आलं नाही.

रविवारी जेवणानंतर हात धुऊन सगळे बैठकीत आले. देवीकाका सकाळच्या गाडीने मुद्दाम बडनेऱ्याहून आला होता. बापूसाहेबांचा हा धाकटा मुलगा रेल्वेत होता, आणि नोकरी लागल्यापासून त्याला जगातली प्रत्येक गोष्ट फलाटावर उभी दिसे.

"सिंधू, गाडी अजून सुटली नाही," तो म्हणाला. "नुसती शिट्टी झाली. उतरायचं तर आत्ता उतर."

"काका, माझ्याकडे हिरवं निशाण होतं. मी दाखवलं. आता गाडी कशी थांबवू?"

देवीकाका विचारात पडला. रेल्वेच्या दृष्टीने तिचं म्हणणं बरोबर होतं.

"हे पाहा सिंधू," आत्या पदर खोचत म्हणाली, "अचलपूरची माणसं पुढच्या आठवड्यात तुले पाहाले येऊन राहिली. विचारतील, मुलगी काय काय करते? मी काय सांगू? विणकाम करते, रांगोळी काढते, अन् आजोबाले शिक्षा करते?"

"तिन्ही खरं आहे, आत्या."

"ऐकलं, नाना? ऐकलं? तुया शाळेत हेच शिकवता?"

नानांनी ऐकलं होतं. ते खिडकीशी उभे होते. त्यांची बायको तिसऱ्या बाळंतपणाला बार्शीटाकळीला, माहेरी गेलेली, त्यामुळे घरात त्यांच्या बाजूने कुणी नव्हतं. आणि ती घरी असती तरी ती सिंधूच्या बाजूने असती, हे त्यांना माहीत होतं. ते सिंधूजवळ येऊन बसले.

"बाळ, बापूसाहेबांनी उद्या राजीनामा दिला, तर नवा अध्यक्ष येईल. तो पहिल्या दिवशी छड्यांची मोळी घेऊन येईल. वाफे जातील. न्यायमंडळ जाईल. एवढी एक शिक्षा मागे घे. शाळा वाचेल."

"नाना, न्यायमंडळात हेडमास्तरांचंही चालत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"ते तत्त्व म्हणून सांगितलं होतं."

"मी तत्त्व म्हणूनच ऐकलं."

"सिंधू..."

"नाना, मागच्या महिन्यात पाचवीच्या पोराने दौत सांडली, तर माझ्या निकालावरून त्याने अख्खा वर्ग सारवला. आता मी बापूसाहेबांना सोडलं, तर सोमवारी त्याच्याकडे कसं पाहू? शिक्षा मागे घेऊन जी शाळा वाचेल ती दुसरीच कुठलीतरी असेल. ती वाचली काय आणि बुडाली काय."

हे सगळं नानांनीच तिला शिकवलं होतं, आणि त्या घटकेला आपण इतकं नीट शिकवायला नको होतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

इतक्यात मागच्या दाराने मनकर्णाबाई आल्या. त्या भगवंतची आई. वाफ्याची तक्रार वर्गातर्फे केली होती ती या भगवंतने. घरचा धंदा भाजीचा, मळा गावाबाहेर. आणि मळ्याच्या बांधाचा दावा गेली कित्येक वर्षं खोलापूरकर वकिलांकडे. मनकर्णाबाईंनी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले. हातांच्या मध्ये पानकोबीचा भलामोठा गड्डा होता.

"वकीलसायेब, माह्या पोराले अक्कल नाई. आमी तक्रार वापस घेऊन राहिलो. बैलानं खाल्लं त खाल्लं. मुकं जनावर हाये, त्याले काय समजते?"

आत्याचा चेहरा उजळला. देवीकाका अर्धवट उठला. नानांनी सुस्कारा टाकला. सगळं मिटलं होतं. फक्त बापूसाहेबांनी हो म्हणायचं बाकी होतं.

बापूसाहेबांनी चष्मा नाकावर चढवला.

"तक्रार मागे घेणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी? मी त्याची माय होय."

"ते मान्य आहे. वाफा तुमच्या मुलाचा आहे का?"

"नाई जी. वर्गाचा हाये."

"मग वर्गाच्या वतीने बोलायचं वकीलपत्र आहे तुमच्याजवळ?"

मनकर्णाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं.

"पानकोबी हाये," त्या म्हणाल्या, आणि गड्डा पुढे केला.

"लाच!" बापूसाहेब गरजले. "आरोपीला लाच देणारा फिर्यादी मी जन्मात पहिल्यांदा पाहतो आहे! बाई, एकदा दाखल झालेली तक्रार अशी भाजीबरोबर परत नेता येत नाही. निकाल लागला आहे. निकाल म्हणजे काय, बाजारातला भाव आहे, संध्याकाळी उतरायला?"

"बापू," आत्या हळूच म्हणाली, "तुमी कोणाकडून भांडून राहिले?"

बापूसाहेब थांबले. कोणाकडून भांडतो आहोत, हे चाळीस वर्षांच्या वकिलीत त्यांना कधी विचारावं लागलं नव्हतं. मनकर्णाबाईंनी तेवढ्यात गड्डा आत्याच्या हाती दिला आणि पाठमोऱ्या झाल्या. "आमच्या बांधाचं तेवढं पाहजा जी," असं मात्र त्या फाटकातून सांगून गेल्या.

बापूसाहेब येरझारा घालू लागले.

"ठीक. शिक्षा आहे. नत्थुजी गडी जाईल आणि पाणी घालेल. बैल त्याच्याच ताब्यात होते."

"बदली माणूस चालत नाही," सिंधू म्हणाली.

"असं कुठे आहे?"

"तुम्हीच घातलं आहे."

"मग वर दाद मागतो."

"अपील नाही."

"हा काय नियम झाला? कोणत्या गाढवानं..." बापूसाहेबांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. खोलीत कुणीही कुणाकडे पाहिलं नाही. देवीकाकाने छताच्या आढ्याचा बारकाईने अभ्यास केला.

मग बापूसाहेब सिंधूसमोर खुर्ची ओढून बसले. गुडघ्यावर हात, मान किंचित तिरपी. या बैठकीपुढे भलेभले साक्षीदार घरचा पत्ता विसरले होते. सिंधूने हात परकराखाली दडवले आणि नजर वर ठेवली.

"आरोपीच्या पाठीत उसण भरते, हे न्यायाधीशांना माहीत होतं?"

"होतं."

"शिक्षा देताना त्याचा विचार केला?"

"केला. म्हणून वाफा खणायला सांगितलं नाही. खणून मुलं देतील. तुम्ही फक्त लावायचं."

"हं. माझ्याजागी भगवंतचा बाप असता तर?"

"हीच शिक्षा."

"आणि तुझा बाप?"

"हीच."

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"बरं. आता शेवटचा प्रश्न." बापूसाहेबांचा आवाज खाली आला. राग शिगेला पोचला की त्यांची कोर्टातली मराठी गळून पडे आणि आतली वऱ्हाडी बाहेर येई. "मी जातो. रोज जातो. साऱ्या गावासमोर झारी घेऊन पाणी घालतो. पण आयक. ज्या दिवशी माही शिक्षा सरली, त्या दिवशी तुही शाळा सरली. मग अचलपूरवाल्यांना होकार, अन् पुढच्या लग्नसराईत तुये हात पिवळे. आता बोल. घेतं शिक्षा वापस?"

"बापूसाहेब!" नाना वळले.

"तू चूप रायजो. मी न्यायाधीशाले विचारून राहिलो."

आत्याला अचलपूर हवं होतं, पण ते असं, बांधून घातल्यासारखं नको होतं. "बापू, लेकरू हाये ते," ती पुटपुटली. देवीकाका, जो इतका वेळ बापूसाहेबांच्या बाजूला उभा होता, तो खोली ओलांडून सिंधूच्या मागे येऊन उभा राहिला. रेल्वेतही असं चालत नाही, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

सिंधूच्या डोळ्यांपुढे शाळेचं पटांगण आलं. तिथे नववीने मातीत अख्ख्या वऱ्हाडाचा नकाशा रचायला घेतला होता. मेळघाटाचे डोंगर झाले होते. पूर्णा नदी सिंधूकडे होती, आणि ती अजून अर्ध्यावरच आली होती. पुढच्या वर्षी दहावी. मग मॅट्रिक. मग नागपूर, असं तिने कुणालाही न सांगता ठरवलं होतं. एवढी मोठी पूर्णा एका वाफ्यात बुडणार होती.

हो म्हणणं सोपं होतं. एक शब्द, आणि बापूसाहेब हसतील, आत्या चहा टाकेल, आणि सोमवारी ती शाळेत जाईल. फक्त पाचवीच्या त्या पोराच्या शेजारून मान खाली घालून जावं लागेल. रोज.

"चालेल," ती म्हणाली.

"काय चालेल?"

"शिक्षा राहील. उद्या घंटेच्या आधी या, बापूसाहेब. जुनं धोतर नेसून या. चिखल होतो."

सोमवारी बापूसाहेब आले ते जुन्या धोतरात, पण वर काळा कोट आणि पागोटं चढवून. अर्धा देह शिक्षेला आला होता आणि अर्धा कोर्टात होता. त्यांनी रोपं लावली. पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि पुन्हा वाकले. पहिल्या दिवशी फाटकाबाहेर बघ्यांची गर्दी. मग पक्षकारांना कळलं की खोलापूरकर वकील सकाळी हमखास कुठे सापडतात, आणि बांधावर कागदपत्रांच्या पिशव्या घेतलेल्या माणसांची रांग लागू लागली. बापूसाहेब झारी वाकडी करता करता त्यांना सल्ले देत. एका पक्षकाराने त्यांच्या हातातली झारी घ्यायचा प्रयत्न केला, तर ते केवढ्याने ओरडले, "शिक्षा माही हाये!"

वाफ्याशेजारी सातवीचा वर्ग होता, आणि त्याच्या खिडक्या उघड्या असत. मास्तरांनी प्रश्न विचारला की पोरांच्या आधी बाहेरून उत्तर येई. अखेर सातवीने रीतसर ठराव करून आरोपीला कळवलं की उत्तर द्यायचं असल्यास हात वर करावा. दुसऱ्या दिवसापासून एका हातात झारी धरून बापूसाहेब दुसरा हात वर करू लागले. मास्तर त्यांना क्वचितच विचारत. त्याचा त्यांना राग येई.

अचलपूरची माणसं येऊन गेली. आत्याने त्यांना सगळं खरं सांगितलं, कारण गावात कुणीतरी सांगणारच होतं. मुलाचे वडील पोट धरून हसले. मुलगा वकिलीच्या पहिल्या वर्षाला होता. घरात न्यायाधीश असला तर बरंच, ते म्हणाले, आणि मुलगी त्यांनी तिथल्या तिथे पसंत केली. आता फक्त पानकोबीची वाट होती.

आणि पानकोबी बापूसाहेबांच्या हातची. त्यांनी आयुष्यात कोणतंही काम अर्धवट केलं नव्हतं. त्यांनी शेणखत मागवलं, रोज पानं उलटवून अळ्या वेचल्या, मनकर्णाबाईंना भर रस्त्यात थांबवून सल्ला घेतला. रोपं अशी तरारली की पाहणाऱ्याने दृष्ट काढावी. सिंधू रोज मधल्या सुट्टीत पटांगणात पूर्णेचं पात्र कोरत असे. रोज वाफ्यावरून जाई, आणि रोज पान थोडं वर आलेलं असे.

"न्यायाधीशबाई," एकदा भगवंत तिला गाठून हळूच म्हणाला, "एखाद्या रोपाचा शेंडा खुडून टाकू काय? कोनाले नाई समजत. पुन्हा फुटाले टाइम लागते."

"खुड," सिंधू म्हणाली. "शनिवारी तुझा खटला घेते."

भगवंतने दोन्ही हात खिशात घातले ते घरी जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

मग एका सकाळी तिनेच बापूसाहेबांना सांगितलं, "आज मोजायचं."

सगळी शाळा वाफ्याभोवती जमली. नाना आले. गोदाआत्याही आली, ती फाटकाशी उभी होती, सिंधूला घरी न्यायला. बापूसाहेब कोटाशिवाय उभे होते. कोट येणं केव्हाच बंद झालं होतं, हे त्या दिवशी सिंधूच्या ध्यानात आलं.

ती गुडघ्यांवर बसली. अंगठा मातीत टेकवला, बोटं ताणली. पहिलं रोप वीतभर. दुसरं, तिसरं. ओळीच्या शेवटापर्यंत ती सरकत गेली.

"शिक्षा पुरी झाली," ती उठून म्हणाली. आवाज तिला हवा तेवढाच निघाला.

"हरकत!" बापूसाहेब म्हणाले.

"कसली?"

"वीत कोणाची? माझी वीत मोठी आहे. माझ्या वितीने मोजलं तर रोपं कमी भरतात."

"बैलांनी खायच्या आधीही माझ्याच वितीने मोजलं होतं. हरकत फेटाळली."

"त्या कोपऱ्यातलं रोप पाहा. खुरटं आहे."

"वाकलं आहे. सरळ केलं की बरोबर येतं." तिने ते बोटाने सरळ करून दाखवलं. "फेटाळली."

बापूसाहेब पुढे आले. जन्मभर ज्यांनी आरोपींना सोडवलं, ते खोलापूरकर वकील आपल्या एका आरोपीसाठी जास्तीची शिक्षा मागत होते, आणि खटला हरत होते. त्यांनी नातीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण हनुवटी जागची हलली नव्हती. आपल्याच गळ्याला फास बसतो आहे हे दिसत असताना ही पोर माप बोटभरही खोटं घेत नव्हती.

"न्यायाधीशबाई, मला निकाल मान्य नाही."

"अपील नाही, बापूसाहेब. तुम्ही सुटलात."

"मी सुटायला तयार नाही," बापूसाहेब म्हणाले, आणि बांधावर मांडी घालून बसले.

मुलांमध्ये कुजबुज झाली. सत्याग्रह करून तुरुंगात जायला हटून बसणारी माणसं त्या वर्षांत गावोगाव होती, आणि बापूसाहेब त्यांना उडाणटप्पू म्हणत. तुरुंगातून निघायचं नाही म्हणून हटून बसलेला माणूस मात्र अकोल्याने पाहिला नव्हता.

"बापू, उठा," आत्या फाटकातून पुढे आली. "ऊन झालं. लोक पाहून राहिले."

"गोदे, मी कैदेत हाओ. अचलपूरले लिहून टाक, कैद सरल्यावर कळवतो."

"अन् कैद कधी सरते?"

"ते मले काय माहीत? मी आरोपी होय."

आत्याने नानांकडे पाहिलं. नाना वाफ्याकडे पाहत होते आणि त्यांचा खालचा ओठ थरथरत होता. हसण्याने की कशाने, ते कळत नव्हतं. आत्याने पदर डोक्यावर सारखा केला. "मी त काही लिहीत नाई बाप्पा," ती म्हणाली. "ज्याले लिवाचं त्यानं लिवा." आणि सिंधूला न घेताच ती घराकडे चालू लागली.

घंटा झाली. मुलं वर्गांकडे पांगली. सिंधू तशीच उभी.

"बापूसाहेब, शिक्षा संपली आहे. आता तुम्ही विनापरवाना वाफ्यात बसला आहात. मला शनिवारी तुमच्यावर नवा खटला घ्यावा लागेल."

"घे."

"मी सोडणार नाही."

"सोडू नको." बापूसाहेब गुडघ्यावर हात टेकून कण्हत उठले आणि झारी उचलून विहिरीकडे निघाले. चार पावलांवर थांबून त्यांनी मागे पाहिलं. "फक्त यावेळी शिक्षा जरा विचार करून दे, पोरी. मॅट्रिकपर्यंत पुरली पाहिजे."